मोठा हंडा चढवा

शास्त्रपाठ : 2 राजे 4:38–44, 1 शमुवेल 14:24–30, मार्क 5:35–43



पवित्र शास्त्रात शाळेचे चित्र फार थोड्या ठिकाणी आढळते. त्यांपैकी एक गिलगालातील आहे. देशात दुष्काळ पडला होता. अलीशा संदेष्टा गिलगालास परत आला, तेव्हा संदेष्ट्यांचे शिष्य त्याच्यापुढे बसले होते. मूळ इब्री भाषेत 'पुढे बसणे' हा शब्दप्रयोग एखाद्या संदेष्ट्याचे वचन ऐकावयास, त्याच्याकडून काही शिकावयास बसण्याच्या अर्थाने येतो. यहेज्केलाच्या ग्रंथात लोक संदेष्ट्यापुढे बसतात ते याच अर्थाने. आपल्याकडेही शिष्य गुरूपुढे बसतो. तेव्हा वर्ग भरला आहे, विद्यार्थी हजर आहेत, गुरुजी आले आहेत. आता पाठ सुरू व्हावा अशी आपली अपेक्षा असते.

परंतु अलीशाचे पहिले वाक्य विद्यार्थ्यांना उद्देशून नाही. ते त्याच्या सेवकाला उद्देशून आहे. मोठा हंडा चुलीवर चढव आणि यांच्यासाठी कालवण शिजव, असे तो सांगतो.

भाषांतराच्या कामात हा उतारा पुढे आला म्हणजे मी दरवेळी येथे थबकतो. त्या दिवशी अलीशाने काय शिकविले, याचा एक शब्दही शास्त्रलेखकाने लिहून ठेवलेला नाही. काय शिजविले, ते मात्र त्याने सविस्तर लिहिले आहे. पवित्र आत्म्याने पाठ गाळला आणि हंडा राखला, यात आपल्यासाठी काही बोध असलाच पाहिजे. तो आज आपण पाहू.

दुष्काळातील शाळा

गिलगाल आपल्यापासून दूर आहे. मऊरानीपूर तितके दूर नाही. झांशीहून माणिकपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, झांशीपासून सुमारे 65 किलोमीटरवर, सुखनई नदीच्या काठी हे गाव वसले आहे. झांशीचे नाव मराठी मनाला परके नाही. अठराव्या शतकापासून 1853 पर्यंत त्या मुलखाचा कारभार मराठी घराण्याकडे होता, आणि झांशीत आजही मराठी कुटुंबे आहेत. बुंदेलखंडातील अनेक मजूर पोटासाठी दिल्ली, गुजरात आणि महाराष्ट्रातील शहरांकडे येतात. आपल्या शेजारी उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या पायाशी विटा वाहणारी माउली कदाचित त्याच मुलखातील असेल, आणि तिच्या मागे वाळूत खेळणारे मूल गावच्या शाळेच्या पटावर अजूनही 'हजर' असेल.

बुंदेलखंड हा वारंवार दुष्काळ सोसणारा प्रदेश आहे. 1896–97 च्या महादुष्काळाची सुरुवातच या भागापासून झाली. 2015 साली पाऊस पुन्हा रुसला. त्या वर्षीच्या शेवटी 'स्वराज अभियान' या संघटनेने उत्तर प्रदेशातील बुंदेलखंडाच्या सातही जिल्ह्यांत, सर्व 27 तहसिलींतील 108 गावांत पाहणी केली. झांशी जिल्ह्याची मऊरानीपूर ही त्यांपैकी एक तहसील. काही कुटुंबांवर 'फिकार' नावाच्या रानगवताच्या बियांची रोटी खाण्याची पाळी आली आहे, असे त्या पाहणीत नोंदविले गेले. एरवी हे गवत गुराढोरांच्या वाट्याचे.

आता पुन्हा गिलगालाकडे पाहा. हंडा चढल्यावर एक जण भाजी आणावयास रानात गेला. शेतात काही नव्हते, म्हणून त्याला रानवेलीची फळे सापडली ती त्याने ओटीभर तोडून आणली आणि हंड्यात चिरून घातली. ती कोणती फळे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे शास्त्र सांगते. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ते कडू इंद्रावण असावे. दुष्काळ माणसाला त्याच्या नेहमीच्या अन्नापासून तोडतो आणि अनोळखी पाल्याकडे ढकलतो. इस्राएलात ती रानफळे होती, बुंदेलखंडात ते फिकार होते. दोहोंमध्ये अडीच हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. भूक मात्र तीच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. झांशी जिल्हा उत्तर प्रदेशात भुईमुगासाठी ओळखला जातो. तेथे उडीद होतो, हरभरा होतो, तीळ होतो. म्हणजे मुलाची हाडे, रक्त आणि मांस घडविणारे अन्न त्या मातीत उगवते; पण ते पोत्यांत भरून बाजारपेठेकडे जाते. पिकविणाऱ्याच्या घरी पुष्कळदा मीठ, मिरची आणि रोटी एवढेच उरते. तेव्हा हा प्रश्न केवळ पावसाचा नाही. तो ताटाचा आहे, आणि म्हणून न्यायाचा आहे.

डोळ्यांना आलेले तेज

भुकेचा आणि शिकण्याचा संबंध काय, हे सांगणारी एक गोष्ट पहिल्या शमुवेलात आहे. लढाईच्या दिवशी शौल राजाने सैनिकांना शपथ घातली की संध्याकाळपर्यंत कोणी अन्नाला शिवू नये. सैन्य रानात शिरले. तेथे मध होता, पण शपथेच्या धाकाने कोणी तोंडाला बोट लावले नाही. योनाथानाला ती शपथ ठाऊक नव्हती. त्याने काठीच्या टोकाने मध घेऊन चाखला, आणि त्याच्या डोळ्यांना तेज आले.

या ठिकाणी इब्री शास्त्रपाठात एक रमणीय गोष्ट आहे. परंपरेने जसे वाचले जाते त्याप्रमाणे वाक्याचा अर्थ 'त्याचे डोळे उजळले' असा होतो. पण मजकुरात जी अक्षरे लिहिली आहेत ती जशीच्या तशी वाचली तर अर्थ होतो, 'त्याचे डोळे पाहू लागले'. दोन अक्षरांची केवळ अदलाबदल आहे. भाषांतरकाराला दोहोंपैकी एक पाठ निवडावा लागतो. पण आई आणि शिक्षक यांना दोन्ही पाठ खरे आहेत हे ठाऊक असते. पोटात अन्न पडले की मुलाचे डोळे उजळतात, आणि डोळे उजळले की मग ते फळ्याकडे पाहू लागतात.

आज विज्ञान हेच अधिक तपशिलाने सांगते. पाच-सहा वर्षांच्या वयात मुलाचे शरीर विश्रांतीच्या स्थितीत जी ऊर्जा खर्च करते, तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकटा मेंदू घेतो. आपण मुलाला पहिलीत घालतो ते नेमके याच वयात. रक्तात लोह कमी असेल तर शरीराला व मेंदूला प्राणवायूचा पुरवठा नीट होत नाही. मूल पेंगते, चिडते, त्याचे लक्ष ठरत नाही. गरोदरपणी व बालपणी आयोडिनाचा अभाव असेल तर बुद्धीची वाढच खुंटते. मातेच्या गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे 1,000 दिवसांत जे पोषण चुकते, त्याची पुरती भरपाई पुढे फार कठीण असते. 'हा मुलगा मठ्ठ आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा आपण भुकेला चुकीचे नाव देत असतो.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार उत्तर प्रदेशात पाच वर्षांखालील मुलांपैकी 39.7 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण 35.2 टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मुलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण उत्तर प्रदेशात 66.4 टक्के, तर महाराष्ट्रात 68.9 टक्के होते. 'तो मुलूखच मागासलेला' असे म्हणून सुस्कारा टाकण्याचा अधिकार आपणापैकी कोणालाही या आकड्यांनी ठेवलेला नाही.

शौलाची ती शपथ धर्माच्या नावाने घातलेली होती, हेही विसरू नये. तिने लढाई सोपी झाली नाही. योनाथान स्पष्ट म्हणतो की माझ्या बापाने लोकांना संकटात टाकले. उपाशी माणसांकडून पराक्रमाची अपेक्षा करणारा राजा आणि उपाशी मुलांकडून पाढ्यांची अपेक्षा करणारा समाज यांत फारसे अंतर नाही.

शाळेच्या व्याख्येत स्वयंपाकघर

आपल्या देशाने ही गोष्ट हळूहळू, पण कायद्याच्या भाषेत मान्य केली आहे. 2002 साली 86 वी घटनादुरुस्ती झाली आणि 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यानुसार केलेला 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. या कायद्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत कशी असावी याची यादी आहे : वर्गखोल्या, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण. त्याच यादीत, जेथे मध्यान्ह भोजन शिजविले जाते असे स्वयंपाकघर, हाही शब्द आहे. कायदा करणाऱ्यांनी अलीशाचे चरित्र वाचले होते की नाही, मला ठाऊक नाही; परंतु शाळेत हंडा हवा, हे त्यांनी लिहून ठेवले.

त्यापूर्वीचा इतिहासही मननीय आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. परंतु बहुतेक राज्यांत मुलांना शिजविलेले अन्न मिळत नसे. हजेरी भरली की महिन्याला 3 किलो धान्य मिळे. ते धान्य घरी जाई, घरातील सर्वांत वाटले जाई, आणि मूल वर्गात उपाशीच बसे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत मुलाला दररोज किमान 300 कॅलरी व 8 ते 12 ग्रॅम प्रथिने असलेले शिजविलेले जेवण मिळावे, आणि तेही वर्षातून किमान 200 दिवस. उत्तर प्रदेशात शिजविलेल्या जेवणाची व्यवस्था 1 सप्टेंबर 2004 पासून सुरू झाली. पुढे हे प्रमाण वाढवून प्राथमिक वर्गांसाठी 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने असे करण्यात आले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा हक्क ठरविले. 2021 पासून ही योजना 'पी. एम. पोषण' या नावाने ओळखली जाते.

अलीशाने विद्यार्थ्यांना धान्य वाटून घरी पाठविले नाही, हे येथे ध्यानात येते. त्याने त्यांच्यासमोर शिजविले आणि त्यांच्यासमोर वाढविले. दान आणि भोजन यांत हा फरक आहे. दान हातावर पडते. भोजन पंगतीत बसविते.

पंगतीचा हा मुद्दा आपल्या देशात लहान नाही. 20 एप्रिल 2004 च्या आदेशात न्यायालयाने म्हटले की स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे. त्याचे कारण उघड आहे. दलित भगिनीने शिजविले म्हणून मुलांनी ताट सारल्याच्या घटना या देशात घडल्या आहेत, आणि ताट सारणे मुले घरीच शिकतात. अंत्युखियात पेत्र काही लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला (गलती 2:11–14). पंगतीतून उठणे हे सुवार्तेच्या सत्याशी विसंगत आहे, असे त्याने मानले. गणिताच्या तासाला जे समतेचे सूत्र शिकविता येत नाही, ते दुपारच्या पंगतीत न बोलता शिकविले जाते. तेही शिक्षणच होय.

त्याच न्यायालयाने दुष्काळाचीही आठवण ठेवली. 13 मे 2016 रोजी, दुष्काळग्रस्त भागांतील शाळांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवावे, आणि आठवड्यातून पाच दिवस, निदान तीन दिवस, अंडे, दूध अथवा तशाच प्रकारचे पौष्टिक अन्न द्यावे, असा आदेश झाला. शाळेला सुट्टी असते. भुकेला सुट्टी नसते.

हंड्यात मरण

गिलगालाच्या गोष्टीत पुढे एक भयंकर क्षण येतो. जेवणारे घास घेतात आणि ओरडतात की हंड्यात मरण आहे. हे वाचताना 16 जुलै 2013 चा दिवस आठवल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत जेवण जेवून 23 मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. ज्या आयांनी 'शाळेत तरी पोटभर मिळेल' म्हणून मुलांना पाठविले, त्यांच्या दुःखावर कोणतेही प्रवचन फुंकर घालू शकत नाही. त्यांच्यापुढे आपण मौनच धरावे.

परंतु त्या घटनेनंतर पुष्कळांनी असे म्हटले की हा सारा खटाटोपच बंद करावा. अलीशाने काय केले ते पाहा. त्याने हंडा ओतून दिला नाही, चूल विझविली नाही. त्याने पीठ मागविले, ते हंड्यात टाकले आणि लोकांना वाढण्यास सांगितले. मग हंड्यात अपायकारक काही उरले नाही. सामर्थ्य अर्थातच परमेश्वराचे होते. पण देवाच्या माणसाची वृत्ती आपल्याला कळते. हंड्यात दोष सापडला तर हंडा शुद्ध करावयाचा असतो, मुलांना उपाशी ठेवावयाचे नसते.

शुद्ध करणे म्हणजे काय, हेही साधे आहे. मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी अन्न चाखावे. तेलाचा डबा कोणता आणि औषधाचा कोणता, हे डोळ्यांखाली असावे. डाळीत डाळ असावी. आणि जी भगिनी धुरात उभी राहून शंभर मुलांचे शिजविते, तिच्या हातांची किंमत व्हावी. 2009 साली केंद्र सरकारने तिचे मानधन महिन्याला 1,000 रुपये ठरविले. पुढे निरनिराळ्या राज्यांनी त्यात आपापली भर घातली. अलीशाच्या गोष्टीत हंडा चढविणाऱ्या सेवकाचे नाव लिहिलेले नाही. तरी त्याच्याविना तो चमत्कार कोणाच्या ताटात पडला असता?

तीन आक्षेप

येथे काही वाचकांच्या मनात प्रश्न उठतील. पहिला असा की, शाळेची खानावळ झाली. मुले आता खिचडीसाठी येतात. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण खादाडाला टोचण्यासाठी वापरतो. पण तिच्यात एक क्रम आहे, आणि तो क्रम प्रभूनेही पाळला. योहानाच्या सहाव्या अध्यायात तो लोकांना म्हणतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता. पण हे बोलण्यापूर्वी, आदल्याच दिवशी, त्याने त्यांना पोटभर जेवू घातले होते. तृप्त माणसालाच हे बोलता येते. आणि खिचडीसाठी आलेले मूल शिकतेही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या तनिका चक्रवर्ती व राजश्री जयरामन यांच्या अभ्यासात असे दिसले की ज्या मुलांना पाच वर्षांपर्यंत शाळेत जेवण मिळाले, त्यांचे वाचनाचे गुण एका वर्षाहूनही कमी काळ जेवण मिळालेल्या मुलांपेक्षा 18 टक्क्यांनी अधिक होते. 1956 साली मद्रास राज्यात शाळेच्या जेवणाचा विस्तार करणारे मुख्यमंत्री के. कामराज यांचे स्वतःचे शिक्षण लहानपणीच सुटले होते. हंड्याचे मोल त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

दुसरा आक्षेप अधिक भक्तिभावाचा आहे. मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, असे प्रभूनेच सांगितले ना? होय. पण ते कोणी, केव्हा आणि कोणाला सांगितले? चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूने, स्वतःच्या भुकेविषयी, सैतानाला सांगितले. कोणत्याही भुकेल्या माणसाला त्याने हे वचन ऐकविले नाही. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणातून उठली, तेव्हा घरातील सारी माणसे थक्क होऊन उभी राहिली. त्या गोंधळात तिला भूक लागली असेल हे एकट्या येशूच्या ध्यानात आले, आणि तिला खावयास द्या, असे त्याने सांगितले. पुनरुत्थानाच्या चमत्कारानंतर लगेच जेवणाची आज्ञा! ज्याने जीव परत दिला, त्याने तो जीव टिकविण्याचे काम घरच्यांवर सोपविले.

तिसरा आक्षेप आपल्यावर बाहेरून घेतला जातो : ख्रिस्ती लोक भाकर दाखवून माणसे जोडतात. याला उत्तर रागाने देऊ नये, आचरणाने द्यावे. अलीशाने वाढताना अट घातली नाही. येशूने याईराच्या मुलीच्या जेवणाला अट जोडली नाही. जी भाकर अटीसह दिली जाते ती आमिष असते, आणि आमिष गळाला लावावयाचे असते, ताटात नव्हे. भुकेल्या मुलाला आपण देतो ते त्याचेच आहे, कारण त्याच्या पित्याने ते पिकविले आहे, या भावनेने द्यावे.

प्रथमफळाचे गाठोडे

गिलगालाच्या गोष्टीचा दुसरा भाग आपल्या मंडळ्यांसाठी आहे. बआल-शालीशाहून एक मनुष्य प्रथमफळाच्या जवाच्या वीस भाकरी आणि ताज्या धान्याची कणसे घेऊन आला. नियमशास्त्राप्रमाणे प्रथमफळ याजकांचे (अनुवाद 18:4). दुष्काळात ते अलीशाने आपल्यासाठी ठेवले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण ते लोकांना खावयास वाढ, असे तो म्हणाला. शंभर माणसांना एवढ्याने काय होणार, असे सेवकाने विचारले. तरी त्याने वाढले. सर्व जेवले आणि उरलेही.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात हे गाठोडे सोडणारी एक माउली होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी 1874 साली दुष्काळाच्या काळात आपले आईवडील गमावले. संस्कृतातील हजारो श्लोक मुखोद्गत असणारी ती मुलगी उपास म्हणजे काय हे जाणून होती. 1896–97 चा दुष्काळ बुंदेलखंडापासून पसरत मध्य प्रांतावर कोसळला, तेव्हा त्या तेथे गेल्या आणि सुमारे 300 मुली व विधवा त्यांनी आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना प्रथम अन्न मिळाले, मग अक्षर मिळाले. पुढे रमाबाईंनी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि त्याच सदनातील स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी प्रभूकडे गेल्या. तो ग्रंथ त्यानंतर 1924 साली प्रसिद्ध झाला. ज्या छापखान्यातून ते मराठी शास्त्र बाहेर पडले, त्याच्या शेजारी आधी चूल पेटली होती. शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्या कोणालाही हे विसरता येणार नाही.

त्याच 1896 साली डेलिया फिसलर व एस्तेर बेअर्ड या अमेरिकन क्वेकर भगिनींनी मऊरानीपूरपासून फार दूर नसलेल्या नौगाव येथे कार्य आरंभिले आणि दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना आसरा दिला. बुंदेलखंडाच्या भूमीत ख्रिस्ताचे नाव अशा रीतीने ताटाबरोबर आले आहे.

आपण काय करावे?

प्रिय वाचकहो, आपणांपैकी पुष्कळ जण म्हणतील की हे काम सरकारचे आहे. ते खरेच सरकारचे आहे, आणि हक्क म्हणून त्याच्याकडून मागितलेही पाहिजे. पण वीस भाकरी आणणारा मनुष्य सरकारी नव्हता.

आपल्या गावच्या शाळेत दुपारी एकदा जावे. दोष काढण्यासाठी नव्हे, मुलांसोबत पंगतीत बसण्यासाठी. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळेची व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या मंडळीतील आईबाप तेथे बसतात काय? बसत असतील तर डाळीविषयी विचारतात काय? या योजनेत 'तिथिभोजन' म्हणून समाजालाही वाढता येते. नाताळ, पुनरुत्थानाचा सण, बाळाचा वाढदिवस, हंगामाचे उपकारस्मरण, अशा दिवशी जवळच्या शाळेत अंडी, फळे, शेंगदाण्याची चिक्की द्यावी. ते देताना फलक लावू नये. आपल्या शब्बाथशाळेत जे लेकरू नेहमी पेंगते, त्याला ओरडण्यापूर्वी सकाळी काय खाल्ले ते विचारावे.

आणि सहा वर्षांच्या आतील मुलांना विसरू नये. शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी दार उघडतो. मेंदू तोवर थांबून राहत नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी आरंभलेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी ही त्या दाराची पहिली पायरी होय. गरोदर भगिनीच्या ताटात काय आहे, हा देखील शिक्षणाचाच प्रश्न आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की ज्या मुलींना शाळेत जेवण मिळाले होते, त्या पुढे माता झाल्या तेव्हा त्यांच्या बाळांची वाढ खुंटण्याचे प्रमाण कमी होते. पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या आशीर्वादाविषयी शास्त्र बोलते. तो एखाद्या शाळेच्या हंड्यातूनही वाहतो.

शेवटी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. अलीशाच्या हंड्यासाठी जो इब्री शब्द आहे, तोच निर्गम 16:3 मध्येही आहे. रानात भुकेलेल्या इस्राएलांना मिसरातील मांसाच्या हंड्यांची आठवण झाली, ती त्याच शब्दाने. भूक इतकी बलवान असते की ती गुलामगिरीलाही गोड करते. ज्या मुलाला शाळेत हंडा दिसत नाही, ते मूल वीटभट्टीवर, ढाब्यावर, दुसऱ्याच्या घरच्या मोरीवर, जेथे हंडा दिसेल तेथे जाते. म्हणून आपल्या लेकरांना मिसराच्या हंड्याकडे परत जावे लागू नये, यासाठी शाळेचा हंडा भरलेला असला पाहिजे. देशात दुष्काळ असेल. गोदामे रिती असतील. आपल्या हाती वीसच भाकरी असतील. तरी आज्ञा स्पष्ट आहे. मोठा हंडा चढवा.

प्रार्थना : हे कृपाळू पित्या, रोजची भाकर मागावयास तू आम्हांला शिकविलेस, आणि ती 'माझी' न म्हणता 'आमची' म्हणावयास शिकविलेस. मऊरानीपूरच्या आणि आमच्या दाराशेजारच्या लेकरांना त्या 'आमच्या'त सामावून घेण्याइतके आमचे अंतःकरण मोठे कर. जे हात आज धुरात शिजवीत आहेत त्यांना बळ दे. ज्या मातांची लेकरे हंड्यातील मरणाने गेली, त्यांचे अश्रू तूच पूस. आमच्या गाठोड्याची गाठ सैल कर, आणि लेकरांच्या डोळ्यांना तेज दे, म्हणजे ती तुझी सृष्टी वाचू लागतील. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.